सळईमागचं पाणी

अकोला, ५ जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप वामनराव यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार.

गोपाळकृष्णाचा कॉलेजातला सोबती म्हणून दोन वर्षं आपल्या घरी जेवलो, त्या ओळखीवर हे पत्र लिहितो आहे. गेल्या सप्टेंबरात मी कॉलेज सोडलं हे आपल्याला ठाऊक आहे. कसं सोडलं, तेही अमरावतीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बाजूनं एकदा सांगतो.

वाहत्या पाण्यात एक उभी सळई धरली, की तिच्यामागे भोवऱ्यांची पट्टी तयार होते. प्रयोगशाळेतला शिपाई नत्थुजी तिला शेपूट म्हणतो, मीही तेच म्हणतो. हे शेपूट पुढे रुंद होत जातं, पण हिशेबानं : अंतर चौपट, तर रुंदी दुप्पट. जर्मनीत हे हवेत मोजलेलं आहे. मी आमच्या टाकीत, पाण्यात मोजलं. आकडे बरोबर आले. प्रोफेसरसाहेब म्हणाले, फारच बरोबर आले, घरी बसून लिहिलेत काय? मी वही त्याच टाकीत फेकली आणि निघून आलो. सहा महिन्यांचं काम भिजलं ते माझ्याच हातानं.

आता नत्थुजीकडून निरोप आला आहे. साहेबांनी अट घातली आहे : हेच माप मोठ्या पाटात, चार महिने, दुसऱ्या कोणी तरी घ्यावं, त्या माणसाचा निकालाशी संबंध नसावा. आकडे टिकले, तर जूनमध्ये माझं नाव परत लागेल. नाही टिकले, तर पुन्हा तोंड दाखवू नये.

मी इथे कापसाच्या जिनात इंजिनावर आहे. हंगामात रविवारचीही सुटी नाही. आपल्या मळ्यातला दगडी पाट सरळ आहे, गुळगुळीत आहे, वर हौद आहे. गोपाळकृष्ण नागपूरला कायदा शिकतो आहे, तो असता तर त्यालाच सांगितलं असतं. घरात मोजपट्टी नीट धरू शकेल असं दुसरं माणूस म्हणजे सरोजिनी. आपली परवानगी असेल तर एक दिवस येऊन सळई रोवून जातो.

आपला नम्र,
चिंतामण


अमरावती, ८ जानेवारी

चि. चिंतामण यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. निकालाशी संबंध नसलेला माणूस म्हणून तुम्ही माझी मुलगी निवडलीत, यावर वकील या नात्यानं मला हरकत घेता आली असती. घेत नाही. मुलगी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरात बसली आहे, पाण्याकाठी बसेल.

दोन अटी. एक, पाटाला धक्का लागता कामा नये, मळा करणाऱ्या खुशालरावाची संत्र्याची झाडं त्यावर आहेत. दोन, पत्रव्यवहार कार्डावर. पाकीट नको. मजकूर मोठा असला तर चार कार्डं घाला. पण माझ्या टेबलावर ती उघडी पडली पाहिजेत.

दिवाळीत तुम्ही जो दुसरा विषय माझ्याकडे काढला होता, त्याचं उत्तर तेच आहे. आधी कॉलेज पुरं करा, मग बोलू. कॉलेज सुटलेल्या मुलाशी मी तो विषय बोलणार नाही.

वामनराव


अकोला, १४ जानेवारी
(कार्ड पहिलं, दुसरं, तिसरं)

कुमारी सरोजिनी यांस,

परवा सळई रोवताना सगळं सांगितलं, तरी लेखी असावं म्हणून पुन्हा लिहितो.

सळई बरोबर एक इंच जाडीची आहे. जिनातल्या दांड्याचा तुकडा आहे, मी स्वतः घासून मापली. ती पुन्हा मापायची गरज नाही. हौद चुन्याच्या खुणेपर्यंत भरला की तोंड पूर्ण उघडायचं. पाणी स्थिर झालं की सळईच्या पाठीशी लावलेल्या बारीक नळीतून लाल पाणी सोडायचं. विहिरीत टाकायचं परमँगनेट आणून ठेवलं आहे, चिमूटभर पुरे. मग सळईपासून वीस, चाळीस आणि ऐंशी इंचांवर मोजपट्टी आडवी धरून लाल पट्टीची रुंदी पाहायची. पट्टी एका जागी राहात नाही, हलते, फुटते, म्हणून प्रत्येक ठिकाणी वीस वेळा पाहून सरासरी घ्यायची. इंच आणि सूत लिहायचे, आठ सुतांचा इंच.

माप रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. जे दिसेल तेच लिहायचं. काय यायला हवं ते मनात धरायचं नाही.

चिंतामण


अमरावती, २६ जानेवारी

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

दोन रविवार झाले. दोन्ही वेळा आकडे सारखेच. वीस इंचांवर ३ इंच २ सूत. चाळीसवर ४ इंच ५ सूत. ऐंशीवर ६ इंच ४ सूत. वीसचे दुप्पट ऐंशीवर, म्हणजे तुम्ही सांगितलं तसं. हे मी मापं झाल्यावर ताडून पाहिलं, आधी नाही.

सळईला लागून लाल पाणी आधी डावीकडे वळतं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, जशी घट्ट वेणी घातली आहे. वीस इंचांच्या पुढे वेणीचे पेड सुटू लागतात. ऐंशीवर नुसते मोकळे केस. खुशालरावाची बायको माणिकबाई काठावर बसून पाहात होती. ती म्हणाली, "बाई, हे काहून मोजून राहिली? पानी तं वाहूनच जाते." मी म्हटलं, वाहून जातं म्हणूनच.

सरोजिनी


अकोला, ३० जानेवारी

कुमारी सरोजिनी यांस,

आकडे उत्तम. वेणी वगैरे लिहायचं कारण नाही. प्रोफेसरसाहेबांपुढे ही कार्डं ठेवायची आहेत, त्यांना केस नकोत, सूत हवेत.

इथे पंख्याच्या नळीतून कापसाची धूळ बाहेर फेकली जाते. तो झोतही रुंदावतो, पण त्याचा कायदा निराळा : अंतर दुप्पट तर रुंदी दुप्पट. एका बाजूनं ऊन आलं की त्याची कड स्वच्छ दिसते. मी भिंतीवर कोळशानं खुणा केल्या. आमचा फोरमन पंजाबराव म्हणाला, "काहून भिंत काळी करून राहिला बे? मालक मले बोलन." मी त्याच्याशी भांडलो. मग भिंत मीच पुसली.

सोळा आठवडे एवढंच टिकलं पाहिजे. बाकी सगळं त्यावर आहे. बाकी सगळं म्हणजे काय, ते कार्डावर लिहीत नाही.

चिंतामण


अमरावती, १६ फेब्रुवारी

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

आजचं माप : ३ इंच ४ सूत, ४ इंच ७ सूत, ६ इंच ७ सूत. थोडं वाढलं आहे. वीसऐवजी चाळीस वेळा पाहिलं, तरी तेवढंच. हौदाची खूण पाहिली, पाटातला गाळ काढला. सळई हलवून पाहिली, घट्ट आहे. गंज चढू नये म्हणून तिला तेल लागलेलं आहे, त्याला तुमची हरकत नसावी.

तुमचं मागचं कार्ड बाबांनी वाचलं. "बाकी सगळं" यावर पेन्सिलीनं रेघ ओढून माझ्याकडे दिलं.

सरोजिनी


अमरावती, १५ मार्च

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

३ इंच ६ सूत, ५ इंच २ सूत, ७ इंच ३ सूत.

वाढतंच आहे. का, ते मला कळत नाही. तुम्ही सांगितलं होतं जे दिसेल ते लिही, म्हणून लिहिते.

सरोजिनी


अकोला, १९ मार्च

कुमारी सरोजिनी यांस,

असं होऊ शकत नाही. पट्टी तिरपी धरली जात असेल, किंवा परमँगनेट जास्त पडून कड पसरत असेल. पुढच्या मापाला दोन्हींकडे लक्ष द्या. इथे हंगाम एप्रिलअखेर संपेल, त्याआधी मला निघता येत नाही. रोज कामावरून आल्यावर हेच आकडे मांडतो. चुकीचे आकडे मांडून मांडून बरोबर होत नाहीत.

चिंतामण


अमरावती, १२ एप्रिल

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

पट्टी गुण्यात, काटकोनात धरली. परमँगनेट निम्मं घेतलं. ३ इंच ७ सूत, ५ इंच ४ सूत, ७ इंच ६ सूत.

सरोजिनी


अकोला, १५ एप्रिल
(पाकिटातून)

सरोजिनी,

हे उघड्यावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून पाकीट. वामनरावांना काय वाटायचं ते वाटो.

सळई तीच, पाट तोच, हौदाची खूण तीच, आणि शेपूट दर महिन्याला फुगतं? पाणी असं वागत नाही. माणसं वागतात. तू पाटावर जात नाहीस. महिनाभर गेलीस, मग कंटाळलीस, आणि आता घरात बसून मागच्या आकड्यांत दोन-दोन सूत मिळवून कार्ड टाकतेस. नत्थुजीनं कळवलं की चैत्रात तुमच्याकडे नागपूरचे पाहुणे उतरले होते. म्हणजे कसली गडबड चालली असेल ते मला इथे बसून कळतं. तुला जमत नव्हतं तर तसं सांगायचं. मी दुसरं कोणी शोधलं असतं.

हे आकडे साहेबांपुढे ठेवले तर ते हसतील आणि मला बाहेर काढतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल. माझं कॉलेज गेलं. त्याबरोबर दुसरंही गेलं. ते तुझ्या हातून गेलं एवढंच वाईट वाटतं.

चिंतामण


अमरावती, १८ एप्रिल

श्री. चिंतामणराव यांस,

पाकीट बाबांनी फोडलं नाही. माझ्या हातात दिलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं. बाबा म्हणाले, "मला वाटलं होतं हा काही भलतंच लिहील. यानं तर नोटीस पाठवली."

नागपूरचे पाहुणे शेजारच्या कौशल्येसाठी आले होते. त्यांच्याकडे जागा नव्हती म्हणून आमच्याकडे उतरले. लग्न ठरलं. दोघीही सुखरूप आहोत.

मी बारा रविवार पाटावर गेले. एक चुकला, त्या दिवशी ताप होता. त्या दिवसाचा आकडा मी लिहिलेला नाही, तुम्ही तपासून पाहू शकता. आकडे मिळवायचेच असते तर जे यायला हवे होते तेच मिळवले असते. ते मला पहिल्या कार्डापासून माहीत होते. पण तुम्हाला जे शब्द प्रोफेसरसाहेबांनी ऐकवले, तेच तुम्ही मला ऐकवले. तुमच्याजवळ फेकायला वही होती. माझ्याजवळ ही कार्डंच आहेत, आणि ती तुमच्याकडे आहेत.

माप आजपासून बंद. सळई केव्हाही येऊन घेऊन जावी.

सरोजिनी


अकोला, ३ मे
(कार्ड)

तीर्थस्वरूप वामनराव यांस साष्टांग नमस्कार.

मी पाकीट पाठवून आपली अट मोडली आणि त्यात जे लिहिलं ते खोटं होतं. हे कार्ड आपण घरात मोठ्यानं वाचावं अशी विनंती आहे.

सरोजिनीच्या एका वाक्यावर मी पंधरा दिवस अडकलो : मिळवायचेच असते तर जे यायला हवे होते तेच मिळवले असते. मग तिचे आकडे खरे धरले आणि पुन्हा बसलो. जानेवारीच्या प्रत्येक आकड्यानं एप्रिलच्या त्याच जागेच्या आकड्याला भागलं. वीस इंचांवर, चाळीसवर, ऐंशीवर, तिन्ही ठिकाणी उत्तर एकच : जवळजवळ एक-पंचमांश वाढ. अंतर चौपट तर रुंदी दुप्पट, हा कायदा एप्रिलमध्येही तसाच आहे. घरी बसून सूत मिळवणाऱ्याला हे साधणार नाही, मलाही साधलं नसतं.

सगळंच सारख्या प्रमाणात वाढलं, याचा अर्थ एकच निघतो. सळई जाड झाली आहे. रुंदी एक-पंचमांशानं वाढायला जाडी वर्गाच्या हिशेबानं वाढावी लागते. इथे अकोल्यात बसून सांगतो : ती सळई आता एक इंच नाही, एक इंच साडेतीन सूत आहे. लोखंड कसं वाढलं ते मला सांगता येत नाही.

सरोजिनीनं सळईला दोरा गुंडाळून घेर पाहावा. तिची इच्छा असेल तरच.

चिंतामण


अमरावती, ५ मे

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

बाबांनी कार्ड वाचलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं.

आज दोरा गुंडाळला. घेर साडेचार इंच. म्हणजे जाडी एक इंच साडेतीन सूत, एक केसभर कमी.

लोखंड वाढलेलं नाही. सळईवर शेंदूर आहे. माणिकबाई तिला देव मानते. पाट कोरडा असतो त्या दिवशी मुळापासून वरपर्यंत तेलात कालवलेला शेंदूर लावते. पाणी त्याला काही करत नाही. आठवड्याआठवड्याला पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाढ दिसली नाही. आधी तेल म्हणून लिहिलं होतं, त्यात शेंदूर होता हे लिहायचं राहिलं. माझी चूक.

तो खरवडायला सांगू नका. उन्हाळ्यात शेजारच्या दोन विहिरी आटल्या, आपली आटली नाही. माणिकबाईच्या मते ते सळईचं काम आहे.

सरोजिनी


अकोला, १२ मे

कुमारी सरोजिनी यांस,

हंगाम संपला. परवा रविवारी मळ्यात जाऊन आलो. तुम्ही येणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच गेलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

सळईला हात लावला नाही. मागच्या बाजूचा एक पापुद्रा आपोआप सुटून पाटात पडला होता, तो घेतला. त्याची कड भिंगाखाली पाहिली. कांद्यासारखे थर दिसतात, मधे तेलाची काळी रेघ. पंधरा थर आहेत. तीनदा मोजले.

माणिकबाई काठावर होती. मी विचारलं, शेंदूर किती वेळा लावलास? ती म्हणाली, "पुनवेले लावतो म्या. माघ, फागुन, चैत, वैशाख. चारदा." मग बाकीचे कोणाचे, असं विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कधी शाळेत गेलेलो नाही. म्हणाली, "पयला शेंदूर म्या नाई लावला, भाऊ. तो लावेलच होता. मले दिसला, म्हनून तं समजलं का देव हाये."

पंधरातून चार गेले. अकरा.

साहेबांना मी तुमचं कार्ड मिळताच सगळं कळवलं होतं : आकडे का वाढले, सळई किती जाड झाली. त्यांचा नत्थुजीकडून उलट निरोप आला. चौदा जूनला ते स्वतः पाटावर येणार आहेत. शेंदूर कोणी लावला आणि कशासाठी, ते त्यांना कळलं पाहिजे, कारण त्यांची अट होती की माप घेणाऱ्याचा निकालाशी संबंध नसावा. तोपर्यंत आणखी एक पौर्णिमा होईल, सोळावा थर चढेल. त्या हिशेबानं सळई दीड इंच होते, आणि चाळीस इंचांवर ५ इंच ५ सूत यायला हवेत. हेही मी त्यांना आधीच लिहून दिलं आहे. चुकलं तर चुकलं.

मी त्यांना कोणाचंही नाव सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सगळे थर माणिकबाईचे म्हणून सांगितले तर अट पाळली जाते, मी परत लागतो, आणि मागचं सगळं मार्गी लागतं. पण तसं सांगायला मी तयार नाही आणि खरं सांगायला मला अधिकार नाही. म्हणून मी त्या दिवशी येत नाही. जे होईल ते होईल.

वेणीबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. तो पापुद्रा भिंगाखाली पाहताना तेच आठवलं.

चिंतामण


अमरावती, १५ जून
(कार्ड पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं)

श्री. चिंतामणराव यांस नमस्कार.

काल प्रोफेसरसाहेब टांग्यातून आले, बरोबर नत्थुजी. हौद भरायला दोन दिवस लागले होते. बाबाही मळ्यात आले, काठीवर हात ठेवून आंब्याखाली उभे राहिले. माणिकबाई साहेबांना म्हणाली, "सायेब, जोडे तिकडंच ठेवा." त्यांनी काढले, आणि मोज्यांवर पाटात उतरले. त्यांनी कॅलिपर लावून सळईची जाडी पाहिली. दीड इंच. मग मला माप घ्यायला सांगितलं आणि स्वतः माझ्या खांद्यावरून पाहात राहिले. चाळीस इंचांवर चाळीस वेळा पाहिलं. ५ इंच ५ सूत. त्यांनी खिशातून तुमचं पत्र काढलं, पाहिलं, परत ठेवलं.

मग विचारलं, शेंदूर कोणी लावला. माणिकबाईनं आपल्या पाच पौर्णिमा सांगितल्या. तिला बाकीचं माहीत आहे, पण तिनं सांगितलं नाही.

मी म्हटलं, "अकरा मी लावले. शनिवारी."

साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

मी म्हटलं, "चिंतामणरावांचं नाव परत लागावं म्हणून. घरात देवासमोर बसले असते तर आईनं विचारलं असतं काय नवस बोललीस. इथे कोणी विचारणार नव्हतं. हात जोडायला समोर ती सळईच उभी होती." हे सगळं बाबांच्या समोर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, म्हणजे निकालाशी तुझा संबंध होता. मी हो म्हटलं. अट मोडली, हेही मला कळत होतं.

ते पाटाच्या कडेवर बसले, पाय पाण्यातच. मग नत्थुजीला म्हणाले, "संबंध असलेला माणूस आकडे जुळवतो. हिनं दोन महिने न जुळणारे आकडे लिहिले, आणि ते तसेच पाठवत राहणं हिला महागात पडत होतं. याहून चांगला मापारी मला कुठून मिळायचा?" तुमचं नाव एक जुलैला लागतं. वही या वेळी जाड पुठ्ठ्याची घ्या असं सांगितलं आहे.

टांगा गेल्यावर बाबा सळईजवळ आले, वाकून तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "पुढच्या वेळी नवस बोलायचा तर मोजमापात नसलेला देव बघ."

शेंदूर खरवडलेला नाही. सळईही काढू नये असं माणिकबाईचं म्हणणं आहे, आणि बाबांनी ते मान्य केलं.

हे मी कार्डांवर लिहिते आहे, कारण यात कोणी वाचू नये असं काही उरलेलं नाही. चारही कार्डं टेबलावर उघडी ठेवली होती. बाबांनी वाचली, एका ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं, आणि बाहेर गेले. आत्ता परत आले. पोस्टातून एक कोरं पाकीट आणलं आहे. ते माझ्यापुढे ठेवलं, आणि खोलीचं दार लावून गेले.

सरोजिनी